दारापुढचा रस्ता कोणाचा?

आपल्या शहरांतील रस्त्यांविषयीं जी तक्रार नित्य कानीं येते ती गर्दीची. गाड्या पुढें सरकत नाहींत, कचेरीस उशीर होतो, पेट्रोल फुकट जळतें, अशी ती तक्रार. ती खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तिच्या गदारोळांत दुसरी एक तक्रार, जी आमच्या मतें अधिक महत्त्वाची आहे, ती कोणाच्या कानापर्यंत पोंचतच नाहीं. ही तक्रार गाडींत बसलेल्या मनुष्याची नव्हे, तर ज्याच्या दारावरून गाडी जाते त्याची आहे. पहिल्यास गाड्या फार हळू जातात याचें दुःख. दुसऱ्यास त्या फार वेगानें जातात याचें भय. गंमत अशी कीं, हीं दोन माणसें पुष्कळदां एकच असतात. सकाळीं साडेनऊ वाजतां जो गृहस्थ कल्याण-अंबरनाथ रस्त्यावर हॉर्न वाजवीत सरकारच्या नांवानें बोटें मोडतो, तोच सायंकाळीं नातवाचें मनगट घट्ट धरून आपल्या दाराबाहेर उभा असतो व दोन गाड्यांमधली फट शोधीत असतो. प्रस्तुत लेख या सायंकाळच्या मनुष्याची बाजू मांडण्यासाठीं आहे. सकाळच्या मनुष्याचे वकील पुष्कळ आहेत, आणि सरकारदरबारीं त्यांचें वजनहि मोठें आहे.

आम्ही राहतों ती वस्ती उल्हासनगर कॅम्प नंबर तीन. 'कॅम्प' हा शब्द ऐकून बाहेरगांवच्या वाचकांस तंबू आठवतील, आणि तसें पाहिलें तर ते फारसे चुकणार नाहींत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं कल्याणजवळ ब्रिटिश सरकारनें लष्करासाठीं जी छावणी वसविली तीच हें गांव. युद्ध संपलें, फौजा गेल्या, बराकी ओस पडल्या. आणि १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून निघालेलीं सुमारें लाखभर माणसें सरकारनें या ओस बराकींत आणून ठेविलीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनीं नगराची कोनशिला बसविली, आणि शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून त्यास उल्हासनगर हें नांव मिळालें. कॅम्पांचे आंकडे मात्र जसेच्या तसे राहिले, एक ते पांच. आजहि येथला मनुष्य आपला पत्ता सांगतांना पेठ सांगत नाहीं, आळी सांगत नाहीं. कॅम्प सांगतो आणि सेक्शन सांगतो.

रस्तेहि अर्थात् लष्करीच होते. ते लॉऱ्यांसाठीं आंखलेले होते, संसारांसाठीं नव्हेत. त्यांवर अंगण नव्हतें, पार नव्हता, विहिरीकडे जाणारी पायवाट नव्हती. त्यांवर जें कांहीं घरगुतीपण आलें तें निर्वासित कुटुंबांनीं आणलें. एकेका बराकींत मध्यें पडदे लावून कित्येक बिऱ्हाडें मांडावीं लागलीं, तेव्हां धुणें, पापड लाटणें, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांची दुपारची झोंप हें सारें दाराबाहेर आलें, आणि दोन बराकींमधली लष्करी वाट बघतां बघतां अंगण झाली. या गांवांत नगररचनेचें म्हणून जें पहिलें काम झालें तें आमच्या मतें हेंच; त्यास कोणी इंजिनियर लागला नाहीं कीं नकाशा लागला नाहीं. पुढें बराकी जाऊन त्यांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या. (त्यांपैकीं कायदेशीर किती हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला व २००६ सालीं त्यासाठीं विधिमंडळास खास कायदा करावा लागला, पण तो विषय निराळा.) इमारती आल्या तरी अंगणाची रीत बरींच वर्षें टिकली.

आमच्या शेजारीं एक वृद्ध सिंधी बाई राहतात. आम्ही त्यांस अम्मा म्हणतों, त्या आम्हांस भाऊ म्हणतात. हा शब्द त्यांच्या भाषेंतला कीं आमच्या, हें ठरविण्याची आजवर कधीं गरज पडली नाहीं. पंधरा-वीस वर्षांपूर्वींपर्यंत उन्हाळ्यांत त्यांची खाट गल्लींत असे. सकाळीं तीवर पापड वाळत, दुपारीं मांजर झोंपे, सायंकाळीं चार बायका बसत. आतां पापड गच्चीवर गेले. मांजराचें काय झालें तें सांगवत नाहीं. आणि अम्मा दुसऱ्या मजल्यावरील खिडकींत बसून खालचा रस्ता पाहतात, जशी एखादी बाई पुराचें पाणी पाहत बसते.

मराठींत वर्दळ आणि वाहतूक असे दोन शब्द आहेत, आणि त्यांतला भेद आमच्या नगरपालांस कोणीतरी एकदां समजावून द्यावयास हवा. वर्दळ म्हणजे वस्तींतल्या व वस्तीकडे येणाऱ्या माणसांचें जाणें-येणें: भाजीवाला, दूधवाला, शाळेंतून परतणारीं पोरें, देवळास निघालेल्या बायका. ही वस्तीची नाडी होय. ती थांबली म्हणजे वस्ती मेली असें समजावें. वाहतूक ही वस्ती ओलांडून जाणाऱ्यांची. तिचें प्रस्थान दुसरीकडे, मुक्कामहि दुसरीकडे. आमची गल्ली तिच्या हिशेबीं केवळ मधलें अंतर, शक्य तितक्या लौकर संपवावयाचें. या दोहोंत वैर असलेंच पाहिजे असें नाहीं. पण वाहतुकीचा वेग वाढला म्हणजे वर्दळ मुकाट्यानें बाजूस होते, आणि ती बाजूस झाली कीं 'रस्ता आतां मोकळा आहे' म्हणून वाहतुकीस आणखी हुरूप चढतो. मग लोक म्हणतात, हल्लींचीं मुलें बाहेर खेळतच नाहींत, सदा मोबाईल घेऊन बसतात. खेळतील कोठें, हें मात्र कोणी सांगत नाहीं.

ही वाहतूक आली कोठून? कल्याणहून अंबरनाथ-बदलापुराकडे जाणारा रस्ता या गांवाच्या पोटांतून जातो. पुढचीं तीं दोन गांवें गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कल्पनेबाहेर वाढलीं. तेथें राहावयास गेलेले हजारों संसार, अंबरनाथच्या कारखान्यांचे ट्रक, आमच्याच फर्निचर-बाजाराचे व कापड-बाजाराचे टेम्पो, शाळांच्या बसगाड्या, रिक्षा, या सर्वांची रांग त्याच एका रस्त्यानें चालते. सुमारें १३ चौरस किलोमीटरांत २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें पांच लाखांवर माणसें दाटलेल्या या गांवांत दुसरा रस्ता काढावा तरी कोठून? सुमारें दहा वर्षांपूर्वीं हा रस्ता रुंद करण्यासाठीं दुतर्फा दुकानांचे दर्शनी भाग पाडले गेले. कित्येकांच्या पोटावर पाय आला, तरी गांवाचें कल्याण होतें म्हणून लोकांनीं तें सोसलें. कांहीं काळ रस्ता मोकळा वाटलाहि. आज सायंकाळीं सात वाजतां सतरा सेक्शनच्या चौकांत उभें राहून पाहावें आणि तें कल्याण कोठें आहे तें आम्हांस दाखवावें.

मुख्य रस्ता तुंबला म्हणजे वाहनें आंतल्या गल्ल्यांत शिरतात. पूर्वीं चोरवाटा ठाऊक असावयास गांवचाच मनुष्य असावें लागे. आतां परक्या माणसाचा मोबाईलच त्याच्या कानांत सांगतो कीं, पुढें डावीकडे वळा, दोन मिनिटें वांचतील. त्या मोबाईलास आमच्या गल्लीचें नांव ठाऊक आहे, लांबी ठाऊक आहे. तिच्यांत माणसें राहतात हें मात्र ठाऊक नाहीं. तुंबलेल्या रस्त्यावर अर्धा तास खोळंबलेला मनुष्य गल्लींत शिरला कीं गेलेला अर्धा तास त्या अर्ध्या किलोमीटरांत भरून काढूं पाहतो. अशा रीतीनें गर्दीची तक्रार आणि वेगाची तक्रार या एकाच झाडाच्या दोन फांद्या आहेत. फरक इतकाच कीं, पहिलीचीं फळें बेचव असलीं तरी दुसरीचीं विषारी आहेत.

गेल्या वर्षीं आषाढांत दिवेलागणीच्या वेळीं आमच्या इमारतींतील सात वर्षांचा एक मुलगा समोरच्या दुकानांतून पेन्सिल घेऊन परत येत असतां मोटारसायकलीखालीं सांपडला. पाय मांडींत मोडला. तीन महिने तो अंथरुणावर होता. आतां चालतो, धांवतां येत नाहीं. मोटारसायकल चालविणारा मुलगा सोळा वर्षांचा, पलीकडच्याच इमारतींतला. त्याचा बाप भला मनुष्य आहे. तो रुग्णालयांत रात्रभर बसला, सारा खर्च त्यानें केला, आणि पहाटे चहा घेतांना आम्हांस म्हणाला, "काका, पोरें आहेत. होतें असें." आम्ही त्या वेळीं मान हलविली. त्या हलविलेल्या मानेचें प्रायश्चित्त म्हणून हा लेख लिहीत आहों असें कोणी म्हटलें तरी आमची हरकत नाहीं.

कारण 'होतें असें' या दोन दोन-अक्षरी शब्दांत आमच्या समाजाचें या विषयावरील सगळें तत्त्वज्ञान सांठलेलें आहे. वीज पडते, साप चावतो, तसा अपघात होतो. परंतु विजेस कोणी पेट्रोल घालीत नाहीं व सापास कोणी परवाना देत नाहीं. केंद्र सरकारच्या परिवहन मंत्रालयानेंच प्रसिद्ध केलेल्या आंकड्यांप्रमाणें २०२२ या एका सालीं भारतांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांपैकीं ३२,८२५ पायीं चालणारीं होतीं, आणि १,१९,९०४ मृत्यूंचें कारण म्हणून अतिवेग नोंदला गेला. एखाद्या सांथीनें वर्षांत इतकीं माणसें नेलीं असतीं तर गांवोगांव नाकेबंदी झाली असती. येथें काय होतें? जानेवारींत सुरक्षा-सप्ताह होतो, शाळेंतील मुलांकडून घोषवाक्यें लिहून घेतात, आणि ज्यांच्या जिवावर बेततें त्यांसच जपून चालण्याचा उपदेश करून मंडळी घरीं जातात.

वेग म्हणजे नेमकें काय, याचा विचार आपण क्वचितच करतों. शाळेंत शिकलेलें थोडें गणित येथें आठवावें. ताशीं ३० किलोमीटरांनीं जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें सव्वाआठ मीटर जाते. ताशीं ५० नें जाणारी सुमारें चौदा मीटर. समोर पोर आलेलें डोळ्यांस दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध मनुष्यासहि सुमारें सेकंदभर लागतो. आतां चौदा मीटरांवर पोर आडवें आलें असें समजा. पहिली गाडी कोरड्या रस्त्यावर, ब्रेक चांगले असतील तर, त्या पोरापाशीं येतां येतां थांबते. दुसऱ्या गाडीचा ब्रेक तेथवर लागलेलाहि नसतो. ती त्यास पुऱ्या पन्नासाच्या वेगानें धडकते. चालकाच्या हिशेबीं फरक वीस किलोमीटरांचा, पोराच्या हिशेबीं असण्या-नसण्याचा. आणखी एक माप देतों. ताशीं ३० च्या वेगाचा तडाखा म्हणजे साडेतीन मीटरांवरून, इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून, खालीं पडणें. ५० चा तडाखा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडणें. ७० चा म्हणजे सहाव्या मजल्यावरून. २०१८ सालच्या एप्रिलांत केंद्र सरकारनें जी अधिसूचना काढली तींत नगरपालिकांच्या हद्दींतील रस्त्यांवर मोटारीस हीच ताशीं ७० किलोमीटरांची कमाल मर्यादा घातली होती, व मोटारसायकलीस ६० ची. म्हणजे सहाव्या मजल्याच्या गच्चीचा कठडा काढून टाकावा आणि 'यापुढें जाऊं नये' अशी पाटी लावावी, तशांतला हा प्रकार.

मग कायद्यांत उपाय नाहीं काय? आहे, आणि आमच्या रागाचें खरें कारण तेंच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११२ व्या कलमानें राज्य सरकारास, किंवा त्यानें नेमलेल्या अधिकाऱ्यास, लोकांच्या सुरक्षिततेसाठीं अमुक भागांत वा अमुक रस्त्यावर याहून कमी मर्यादा घालतां येते. ११५ व्या कलमानें जड वाहनांस ठराविक रस्ते वा ठराविक वेळा बंद करतां येतात. ११६ व्या कलमानें तशा पाट्या लावतां येतात. पुलाची दुरुस्ती असो कीं उत्सवाची मिरवणूक असो, ठाण्याच्या पोलीस आयुक्तालयाची वाहतूक शाखा अशा अधिसूचना नेहमींच काढते, आणि त्या अंमलांतहि येतात. चेटीचंडाची मिरवणूक निघते किंवा गणपति विसर्जनास निघतात तेव्हां याच कॅम्पांतून मोटारी माणसाच्या चालीनें जातात, तासच्या तास जातात. कोणाचा व्यापार बुडाल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं. देव रस्त्यावर असला तर गाडी हळू जाऊं शकते; पोर असलें तर जाऊं शकत नाहीं, हें कसें?

यावर पहिला आक्षेप येतो तो प्रगतीचा. जग धांवत आहे, तुम्ही गाड्यांस रांगावयास सांगतां. रस्ते आणखी रुंद करा, म्हणजे सर्व सुरळीत होईल. हा आक्षेप घेणाऱ्यांनीं १९६२ सालीं अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें मांडलेला नियम विचारांत घ्यावा. गर्दीच्या वेळीं शहरांतील मोठा रस्ता कितीहि वाढवा, तो भरेपर्यंत वाहनें येतच राहतात, असा त्याचा आशय. एक माप धान्य सांडलें तर एक मापाचीं कबुतरें येतात, दोन मापें सांडलीं तर दोन मापांचीं. कबुतरें कमी व्हावींत म्हणून धान्य वाढविणारा शहाणा आम्हीं अजून पाहिला नाहीं, पण रस्त्यांच्या बाबतींत तसे शहाणे प्रत्येक नगरपालिकेंत आहेत. शिवाय रुंद केलेला रस्ता मध्यरात्रीं व पहाटे मोकळा असतो, आणि मोकळा रुंद रस्ता चालकास जें सांगतो तें खांबावरची पाटी खोडूं शकत नाहीं.

दुसरा आक्षेप वेळेचा. अर्ध्या किलोमीटरची गल्ली ५० च्या वेगानें ३६ सेकंदांत संपते; ३० च्या वेगानें ६० सेकंदांत. भांडण सारें या चोवीस सेकंदांचें आहे. पानाच्या ठेल्यावर चुना लावण्यास याहून अधिक वेळ जातो.

तिसरा आक्षेप, आणि आपल्याकडे हा हमखास यावयाचाच, कीं हें सारें विलायतेंत चालेल, येथें चालणार नाहीं. त्यांनीं हॉलंडचा इतिहास पाहावा. तें राष्ट्र आज सायकलींचें म्हणून प्रसिद्ध आहे, पण तें तसें जन्मलें नाहीं. १९७१ सालीं तेथील रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसें मेलीं, आणि त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. ज्याची लहान मुलगी अशीच मोटारीखालीं गेली त्या एका पत्रकारानें १९७२ सालीं लेख लिहिला. मथळा होता 'थांबवा बालहत्या'. 'अपघात टाळा' नव्हे, 'सुरक्षित चाला' नव्हे, बालहत्या. त्या नांवाची चळवळच उभी राहिली. आईबापांनीं रस्त्यांवर बसून वाहनें अडविलीं, मुलांसाठीं रस्ते बंद करून घेतले. डेल्फ्ट गांवीं निवासी रस्त्यांची नवी रचना त्याआधींच सुरू झाली होती; सरळ रस्ता मध्येंच वळवावा, झाड लावावें, बांक ठेवावा, म्हणजे मोटारीस धांवण्याची सोयच राहूं नये, अशी. १९७६ सालीं अशा रस्त्यास तेथील कायद्यानें मान्यता दिली. त्यावर मोटारीनें माणसाच्या चालीनें जावें, माणसांनीं रस्त्याची सगळी रुंदी वापरावी, मुलांनीं खेळावें. त्या रस्त्याचें डच नांव 'व्होनेर्फ'. त्याचा सरळ मराठी अर्थ 'राहतें अंगण' असा होतो. जी गोष्ट आमच्या निर्वासित बायकांनीं खाट टाकून केली, तीच तेथें कायदा करून करावी लागली. आज त्या देशांत रस्त्यांवरील मृत्यू वर्षाकांठीं सातशेंच्या आसपास आहेत. पुढें २०२० च्या फेब्रुवारींत स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेनें, जेथें माणसें व वाहनें एकत्र वावरतात तेथें ताशीं ३० हीच कमाल मर्यादा असावी असा जाहीरनामा काढला, आणि त्याच वर्षीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें त्यास मान्यता दिली. तेव्हां ही कोणा घाबरट म्हाताऱ्याची मागणी आहे असें आतां म्हणतां येणार नाहीं.

गतिरोधकांविषयीं मात्र विरोधकांची तक्रार आम्हांस निम्मी मान्य आहे. आमच्याकडे गतिरोधक दोनच प्रकारचे. एक नसलेला, आणि दुसरा भिंतीसारखा. नगरपालिका अर्जास उत्तर देत नाहीं, म्हणून गल्लींतले तरुण रात्रीं सिमेंट-विटा आणून एक बांध घालतात. त्यावर म्हाताऱ्याची कंबर मोडते, बाई स्कूटरवरून पडते, आणि मग नगरपालिका येऊन तो बांध तेवढ्या तत्परतेनें उखडून नेते. वस्तुतः यासंबंधीं इंडियन रोड्स काँग्रेसनें १९८८ सालींच माप घालून दिलें आहे. रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, गोलाई हलकी. त्यावरून ताशीं सुमारें २५ च्या वेगानें गाडी कोणास न दुखवितां जाते. वर पांढरे-काळे पट्टे, आणि अलीकडे सूचनेची पाटी. यांत न समजण्यासारखें काय आहे? शासकीय मध्यवर्ती रुग्णालय आमच्याच कॅम्पांत आहे, रुग्णवाहिकेचें काय, असें विचारतात. विचारणें रास्त आहे. रुग्णवाहिका येते-जाते तो मोठा रस्ता सोडून द्यावा. बाकी गल्ल्यांत तिची खोटी होते ती मापशीर गतिरोधकानें नव्हे, तर दुतर्फा उभ्या केलेल्या आपल्या मोटारींनीं होते.

'आपल्या' हा शब्द आम्हीं जाणून वापरला. या मासिकाचे वाचक शिकलेले, कुटुंबवत्सल, कायदा पाळणारे आहेत. ट्रकवाला, रिक्षावाला, टेम्पोवाला हे बेपर्वा, असें त्यांपैकीं पुष्कळांचें मत असेल. आमचेंहि होतें. पण आमच्या गल्लींत आम्हीं एका रविवारीं सकाळीं दोन तास बसून पाहिलें. ट्रक आले नाहींत, ते रात्रीं येतात. रिक्षा बहुतेक सावकाश गेल्या. त्यांस उतारू हवा असतो, आणि उतारू शोधणारा मनुष्य हळूच जातो. सुसाट गेलीं तीं दोन प्रकारचीं वाहनें. एक, घरपोंच माल आणणाऱ्या पोरांच्या मोटारसायकली; आणि दहा मिनिटांत दूध-ब्रेड दारांत आणून देऊं अशा जाहिराती गेल्या कांहीं वर्षांत घरोघर पोंचल्या, तेव्हां हरखून जाऊन मागणी नोंदविणारे आपणच होतों. तें पोर ज्या वेगानें येतें तो वेग आपण विकत घेतलेला आहे. दुसरें, आपल्याच मुलांच्या गाड्या. दहावीस गुण चांगले पडले, द्या गाडी. क्लास लांब आहे, द्या गाडी. परवान्याचें वय झालें नाहीं? होईल कीं दोन वर्षांत. २०१९ च्या दुरुस्तीनें कायद्यांत १९९-अ हें कलम आलें. अल्पवयी मुलानें गाडी चालवून गुन्हा केला तर पालकास, किंवा गाडीच्या मालकास, तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे. हें कलम आपल्या वर्गासाठीं आहे. ज्याच्याकडे मुलास देण्यास गाडीच नाहीं त्यास त्याचें भय नाहीं. मुलाच्या लग्नाचा मुहूर्त चार पंचांगें पाहून काढणारा बाप त्याच्या हातीं किल्ली देतांना एक कलम वाचीत नाहीं, याचें आम्हांस राहून राहून आश्चर्य वाटतें.

म्हणून आमचें भांडण केवळ सरकाराशीं नाहीं. सरकारास जें मागावयाचें तें थोडें आहे: कॅम्पाच्या आंतल्या गल्ल्यांत ताशीं ३० ची मर्यादा, आणि ती पाटीवर न ठेवतां रस्त्याच्या रचनेंतच घातलेली, ट्रक-टेम्पोंस शाळेच्या वेळांत मज्जाव, रेल्वे स्टेशनासमोर महाविद्यालयाचीं मुलें रस्ता ओलांडतात तेथें उंचावलेली पायवाट. मागच्या महिन्यांत आम्हीं गल्लींतल्या लोकांनीं मिळून तसा अर्ज लिहिला. मराठींत लिहिला, आणि ज्यांस मराठी वाचतां येत नाहीं त्यांस शेजाऱ्यांनीं सिंधींत समजावून सांगितला. अम्मांनीं उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या आपल्या लिपींत सही केली व विचारलें, "भाऊ, खाट कधीं काढूं?" आम्हीं म्हटलें, अजून नाहीं.

आजवर त्रेसष्ट सह्या झाल्या आहेत. पहिली सही त्या मोटारसायकलवाल्या मुलाच्या बापाची. त्यानें आपण होऊन येऊन केली, आणि ज्या मुलाचा पाय मोडला त्याच्या वडिलांकडे अर्ज घेऊनहि तोच गेला. गाडी मात्र अजून मुलाकडेच आहे.